वरच्या माणसाचा पिन

वन्सं आपल्याला पाण्यात पाहतात, याबद्दल धाकटीची आता खात्रीच पटली होती. तिने काढलेली स्क्रीन समितीतून पुन्हा परत आली होती, आणि परत पाठवणाऱ्या सह्यांत वन्संचा तो ऐटबाज फराटा सगळ्यात वर होता.

घरात ती धाकट्या भावाची बायको, म्हणून धाकटी. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्नाच्या भानगडीत न पडलेली, वरच्या मजल्यावर राहणारी आणि जेवायला खाली येणारी. दोघी एकाच वीज कंपनीत होत्या, हे नवऱ्याला फार सोयीचं वाटे, कारण जाताना एकच गाडी लागे. त्या गाडीत काय शांतता असे, ते त्याला कुठून कळणार? धाकटी कंपनीच्या मोबाइल ॲपच्या स्क्रीन डिझाइन करायची: बटण कुठे असावं, केवढं असावं, माणूस कुठे अडखळतो. वन्सं गव्हर्नन्सच्या प्रमुख. कोणी काय बदललं, का बदललं, त्यात धोका काय आणि तो धोका कोणाच्या नावावर, ही सगळी उत्तरं त्यांच्या समितीला मिळाल्याशिवाय कंपनीत बटणाचा रंगसुद्धा बदलत नसे.

यावेळची स्क्रीन होती लाइनमनसाठी. खांबावर चढलेल्या माणसाने प्रत्येक टप्पा ॲपमध्ये नोंदवायचा आणि दर वेळी स्वतःचा पिन टाकायचा, असा नियम होता. शेवटचं बटण ‘काम संपलं’. ते दाबलं की कंट्रोल रूम लाइन सुरू करायला मोकळी. धाकटीने पिन काढून टाकला होता. हेल्मेटमध्ये एक चिप. ते हेल्मेट फोनजवळ असेल तरच चालणारं आणि दाबून धरावं लागणारं एक मोठं बटण, एवढंच तिने ठेवलं होतं.

समितीचा शेरा होता, ‘पिनबाबत आजवर एकही तक्रार नाही. नोंदी शंभर टक्के पूर्ण. बदलाची गरज सिद्ध होत नाही.’

“नोंदी पूर्ण आहेत म्हणे!” धाकटी त्या संध्याकाळी नवऱ्यावर करवादली. “तुमच्या ताईंना नोंदी दिसतात, माणसं दिसत नाहीत.”

“तिचं कामच ते आहे गं,” नवरा म्हणाला. तो गणिताचा मास्तर. घरात मात्र त्याचं आयुष्यभर तळ्यात-मळ्यात चाललेलं. “चहा टाकू?”

गरज सिद्ध करायची म्हणून धाकटी डेपोत जाऊन बसू लागली. पहिले काही दिवस तिला पाहिलं की लाइनमन लोकांची तोंडं शिवल्यासारखी बंद व्हायची. ऑफिसातली बाई, हातात फोन, गळ्यात कार्ड. हेर नाहीतर दुसरं काय? शेवटी एका वयस्क लाइनमनने तोंड उघडलं. सगळे त्याला मामा म्हणायचे. मामा डावखुरा होता. चढताना शीळ घालायचा, उतरताना नाही. रबर सोसत नाही म्हणून जाड हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालायचा.

“मॅडम, वर मोजे काढायचे नाहीत, हा एक नियम,” मामा म्हणाला. “आणि वर स्वतःच्या बोटाने पिन टाकायचा, हा दुसरा. आता हे मोजे घालून तो एवढासा चौकोन दाबून दाखवा. म्हणून आम्ही फोन खालीच ठेवतो. खालच्याला पिन सांगून ठेवतो. वरून खूण केली की तो दाबतो.”

“सगळेच?”

“सगळेच. एकदा मी गांधीलमाशी हाकलायला हात हलवला, तर खालच्या पोराला वाटलं खूण केली. त्याने ‘काम संपलं’ दाबलं. कंट्रोल रूमच्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने फोन करून विचारलं, म्हणून मी तुमच्यासमोर बसलोय.” मग तो जरा घुटमळला. “पण हे माझ्याकडून कळलं म्हणू नका. पिन सांगितला तर घरी पाठवतात.”

“तुमचं नाव कुठेही येणार नाही,” धाकटी म्हणाली. तिने ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

नाव आलंही नाही. डिझाइनवाल्यांची एक पद्धत असते. दहा जणांशी बोलून ते एक काल्पनिक माणूस तयार करतात, त्याला खोटं नाव आणि कुणाचा तरी चेहरा देतात, आणि मग ‘याला हे बटण जमेल का’ असं त्याच्या नावाने भांडतात. धाकटीने तसाच एक लाइनमन तयार केला. नाव बदललं, वय बदललं, फोटो भलत्याचाच लावला. पण माणूस जिवंत वाटायला हवा ना! समितीतल्या दगडांना पाझर फुटायला हवा. म्हणून तिने लिहिलं: डावखुरा. चढताना शीळ घालतो. मोज्यांच्या आत सुती मोजे. खाली गांधीलमाशीचा किस्सा, त्याच्याच तोंडच्या शब्दांत. पान इतकं झकास जमलं होतं की ती स्वतःवरच खूश झाली.

समितीत ते पान पडद्यावर आलं. वन्संनी चष्मा कपाळावर सरकवून ते पुन्हा वाचलं.

“ही व्यक्ती खरी आहे का?” त्यांनी विचारलं.

धाकटीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरी म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कोण’ हाच येणार. बाई माझ्या तोंडून नाव काढून घेतायत, आणि तेही सगळ्यांदेखत.

“वर लिहिलंय की,” ती नाकावर टिच्चून म्हणाली. “काल्पनिक.”

“पूर्णपणे?”

“पूर्णपणे.”

वन्संनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं. धाकटीला आतून गुदगुल्या झाल्या. एकदा तरी वन्संना हात चोळत बसायला लावलं, असं तिला वाटलं.

आठवडाभराने मामाचा फोन आला. आवाज शांत होता.

“मॅडम, तुम्ही म्हणाला होतात नाव येणार नाही.”

“नाही आलं मामा! शपथ घेऊन सांगते.”

“नाव नाही आलं. बाकी सगळं आलं. डेपोच्या फळ्यावर लागलंय. पोरं मला बघून शीळ घालतायत. सिक्युरिटीच्या साहेबांनी उद्या चौकशीला बोलावलंय.” आणि त्याने फोन ठेवला.

धाकटीला एकच दिसलं: जेवणाचं टेबल, त्यावर ठेवलेला आपला लॅपटॉप, आणि परवा तो ठेवला होता तिथून हललेला. त्या वेळी तिथे कोण बसलं होतं? वन्सं. लॅपटॉपमधल्या सगळ्या टिपणांत मामाचं खरं नाव होतं. म्हणजे समितीत डाव फसला म्हणून बाईंनी घरात साधला तर!

जेवताना तिने ताटच सरकवलं. “वन्सं, माझा लॅपटॉप उघडला होतात?”

वन्संचा घास हातातच राहिला. “काय?”

“परवा तो इथे होता आणि नंतर तिकडे होता.”

“तो मी हलवला,” नवरा पडेल आवाजात म्हणाला. “पातेलं ठेवायला जागा नव्हती.”

“मग डेपोच्या फळ्यावर ते पान गेलं कसं?”

“मी पाठवलं,” वन्सं म्हणाल्या.

धाकटी बघतच राहिली. इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलंच नव्हतं. रागाने तिचे कान तापले, पण वन्सं बोलतच होत्या.

“समितीसमोर आलेलं प्रत्येक पान सगळ्या डेपोंना जातं. मागे आम्ही गुपचूप नियम करतो म्हणून तुम्हीच लोकांनी ओरड केली होतीत, तेव्हापासून. त्यात खऱ्या माणसाबद्दल काही असेल तर ते झाकून जातं, हाही नियमच आहे. म्हणूनच मी तुला विचारलं, खरी आहे का. तू म्हणालीस, पूर्णपणे काल्पनिक. आता काल्पनिक माणसाचं मी काय झाकू?”

“मला वाटलं, तुम्ही नाव काढून घेताय.”

“मला नाव नकोच होतं. हो किंवा नाही, एवढंच हवं होतं.” वन्संनी घास परत ताटात ठेवला. “माझ्यावर एवढा संशय आहे तुझा?”

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं. ती म्हणाली, “मग उद्या सांगते, खरा आहे म्हणून.”

“आणि? पिन दुसऱ्याला देणाऱ्याला बडतर्फ करायचं, असा नियम आहे. तो मीच लिहिलाय. तू हो म्हणालीस की त्याची नोकरी गेली. नाही म्हणालीस की तुझी स्क्रीन गेली, कारण तुझ्याकडे दुसरा पुरावाच नाही. काय करायचं ते तू ठरव. मला सांगूही नकोस.”

चौकशी एका बिनखिडकीच्या खोलीत झाली. सिक्युरिटीचे साहेब टेबलापलीकडे, बाजूला टिपण घ्यायला वन्सं. मामाने आत येऊन हजेरीची सही केली, ती उजव्या हाताने. अक्षरं वाकडीतिकडी आली. तो शांतपणे पेन ठेवून बसला.

“चढताना शीळ घालता?” साहेबांनी विचारलं.

“मला शीळ येत नाही.”

“या मॅडमना ओळखता?”

मामाने धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण रस्त्यातल्या अनोळखी बाईकडे पाहावं, तसं त्याने पाहिलं. “नाही,” तो म्हणाला.

साहेब तिच्याकडे वळले. “तुमच्या पानावरचा माणूस हाच का?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “मी मनाने रचलं होतं. गांधीलमाशीसकट.”

साहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. असल्या कपोलकल्पित गोष्टी समितीपुढे आणून वेळ घालवता, वगैरे. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. वन्सं लिहीत होत्या. ‘पुरावा काल्पनिक. विषय बंद.’ त्यांचं पेन एकदाही अडखळलं नाही, आणि धाकटीला वाटलं, या बाईला खरंखोटं माहीत असून हिचा हात कापत कसा नाही?

बाहेर जिन्यात मामा तिच्या बाजूने निघून गेला. त्याची नोकरी राहिली होती. उद्याही तो खांबावर चढणार होता, आणि त्याचा पिन खाली दुसऱ्याच्या बोटात असणार होता.

शनिवारी वन्सं खाली आल्या आणि म्हणाल्या, “मला ते मोजे आणून दे. लाइनमनचे.”

धाकटीचं मन पुन्हा फणा काढून उभं राहिलं. मोज्यांवर नंबर असतात. नंबरावरून माणूस सापडतो. “कशाला?”

“विषय बंद झालाय. पण एखादं नियंत्रण नीट चालतं की नाही, हे स्वतः तपासायचा अधिकार मला आहे. तो कोणी बंद केलेला नाही.”

तरीही तिने डेपोतले मोजे आणले नाहीत. स्टोअरमधून कोरी जोडी आणली, कुणाच्याच नावावर नसलेली. वन्संनी ती उलटसुलट पाहिली आणि त्या काय समजायचं ते समजल्या.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात तपासणी झाली. वर म्हणजे वर, असा वन्संचा हट्ट. त्या मोजे घालून उंच स्टुलावर चढल्या, एका हाताने कपाटाची कड धरली, फोन दोरीने गळ्यात अडकवला. ॲप खरं, आणि पिनही त्यांचा स्वतःचाच. खोट्या पिनने केलेली तपासणी त्यांच्या लेखी तपासणीच नव्हे. नवऱ्याने स्टूल घट्ट धरलं होतं आणि तो वर बघायचं टाळत होता.

पहिल्यांदा एका बोटाखाली दोन आकडे दबले. दुसऱ्यांदा स्क्रीन विझली. मग फोन फिरून उलटा झाला. वन्संच्या कपाळावर घाम आला. स्टूल डुगडुगलं.

“ताई, उतर आता,” नवरा म्हणाला.

“गप रे! दाबलं की मी.” नव्हतं दाबलं गेलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली: शेवटची संधी. वन्संनी कपाट आणखी घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने दोरी गळ्यातून ओढून काढली आणि फोन खाली धाकटीच्या पुढ्यात धरला.

“अगं, बघत काय उभी राहिलीस? तूच दाब ना. चार, एक, नऊ…”

आणि त्या थांबल्या.

स्वतःच्या भावाकडेही पाठ करून फोन उघडणारी ही बाई. धाकटीचं बोट नऊवर टेकलेलं होतं. यातही काही डाव असेल का, हा विचार सवयीने तिच्या मनात आलाच. मग तिने वर पाहिलं. वन्सं स्टुलावर उभ्या होत्या, मोज्यांतले दोन्ही हात छातीशी धरून, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने नजर खाली घेतली.

“लिहून घे,” वन्सं वरूनच म्हणाल्या. “पिन दुसऱ्या व्यक्तीला सांगण्यात आला. व्यक्ती खरी. झाकायचं नाही. पद, गव्हर्नन्स प्रमुख.”

“वन्सं, पिन सांगितला तर बडतर्फी आहे.”

“माहीत आहे. समितीला खरा माणूस हवाय ना? लिही.”

धाकटीने कागद ओढला. “कारण काय लिहू?”

वन्संनी खाली पाहिलं, आणि भावाचा खांदा धरला.

“हातात मोजे होते,” त्या म्हणाल्या, “आणि पडायची भीती वाटली.”