चोपलेला तळ

थोरलीच्या खड्ड्यावर माणसं सात, कुदळी चार, त्यांतल्या एकीचा दांडा निसटलेला. धाकटीच्या खड्ड्यावर माणसं एकेचाळीस, शिवाय चहाची किटली आणि गाणी.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच कार्यालयात. नाल्याचं पाणी वस्तीतल्या घरांत शिरण्याआधी जमिनीत मुरावं म्हणून वरच्या आणि खालच्या गल्लीत एकेक पसरट खड्डा खणून त्यात झाडं लावायची होती. मोजमापं सगळी थोरलीची. पण वस्ती तिला 'मॅडम' म्हणायची आणि धाकटीला 'पोरी'. धाकटीने बैठका कामावरून परतणाऱ्या बायकांच्या सोयीने घेतल्या, कुबड्यांवर चालणाऱ्या शिंप्याला विचारून खड्ड्याच्या कडेने सपाट वाट आखली. हे आपल्याला का सुचलं नाही, या विचाराने थोरलीच्या पोटात दुखत होतं. सोमवारी साहेब दोन्ही खड्ड्यांत पाणी भरून ते किती वेगाने उतरतं ते पाहणार होते. जिचा खड्डा सरस, तिच्याकडे उरलेल्या गल्ल्या.

रविवारी दुपारी थोरली सहज म्हणून धाकटीच्या खालच्या गल्लीत डोकावली. तिथले खणणारे बहुतेक बांधकामावरचे. त्यांनी हौसेने खड्ड्याचा तळ घराच्या जमिनीसारखा चोपून गुळगुळीत केला होता. असा तळ पाणी मुरू देत नाही. धाकटीला ते ठाऊक नव्हतं.

"कसा झालाय, ताई?"

"आरसाच," थोरली म्हणाली. मनातून तिला गुदगुल्या होत होत्या.

परतताना सगळ्यांत सखल घरातल्या म्हातारीने तिला हाक मारली. दरवर्षी पाणी शिरायचं, म्हणून तिचा पलंग विटांवर चढवलेला होता. त्या काढायला मॅडमनी जरा हात लावावा, असं तिचं म्हणणं.

"आता कशाला हव्यात विटा? पोरीने खड्डा केलाय ना," म्हातारी म्हणाली. मग मॅडमना वाईट वाटायला नको म्हणून पुढे जोडलं, "तुमचा वरचाही बराच असेल म्हणा."

थोरलीने एक वीट ओढून काढली. थोडा वेळ ती हातात धरून बसली, मग जिथली तिथे सरकवली. आणखी काही दिवस राहू द्या, असं सांगून ती खड्ड्याकडे परत आली.

"तळ फोडावा लागेल."

"मघाशी तर आरसा म्हणालीस."

"आरशात पाणी मुरतं का?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुला मघाशीच दिसलं होतं."

थोरलीने कुदळ मागितली आणि खाली उतरली. मॅडम आज हाताला फोड आणणार, अशी कुणीतरी टिंगल केली आणि हसत हसत सगळेच मागोमाग उतरले. संध्याकाळपर्यंत त्यांनी तळ वीतभर फोडून त्यात वाळू आणि कुजलेला पाला कालवला. वरच्या खड्ड्यासाठी एवढे हात कधीच आले नव्हते.

सोमवारी साहेबांनी पट्टी लावली. वरच्या खड्ड्यातलं पाणी तासाला एकतीस मिलिमीटर उतरलं, खालच्यातलं अडतीस.