उंब्रजची चाल आणि माझी मुकी पट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ फुंकू नका, राहू द्या. ती कवठे महांकाळची आहे आणि आता आमची चांगली ओळख झाली आहे. मी बाजाची एक जुनी पेटी. सागवानी अंग, पितळी सूर, बेचाळीस पट्ट्या आणि मागे एक भाता. भाता म्हणजे माझा श्वास. तो मिटला की माणसांना वाटतं, पेटी झोपली. पण मला कुठली झोप! आत कुठला ना कुठला सूर चुळबुळत असतोच.

मिरजेतल्या एका कारागिराने मला घडवलं. तिथून उंब्रजच्या शांतवन मास्तरांनी मला एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन घरी नेलं. मास्तर आठवडाभर शाळेत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये मला वाजवायचे. नाताळ आला की एक गाणं ठरलेलं : 'गव्हाणीत निजला राजा, हळू बोला गं बायांनो.' गाण्यांच्या पुस्तकात त्याचे नुसते शब्द छापलेले. चाल कुठेच लिहिलेली नव्हती. ती ज्या त्या गावच्या गळ्यात राहायची.

उंब्रजची चाल जात्यासारखी सावकाश फिरायची. 'हळू बोला गं' म्हणताना ती माझ्या मधल्या पाचव्या काळ्या पट्टीवर येऊन टेकायची, जराशी थांबायची आणि मग अलगद खाली उतरायची. मास्तरांची लेक एस्तेर लहानपणी त्या थांबण्यातच पेंगायची, गाल माझ्या लाकडाला लावून. तिच्या गालाची ऊब मला अजून आठवते.

१९९१ साली एस्तेर लग्न होऊन कवठे महांकाळला आली. तोवर मास्तरांचे हात थरथरू लागले होते. "माझ्यापाशी राहून गंजंल ती. तू ने पोरी," ते म्हणाले. अशी मी तिची पाठराखीण झाले.

कवठ्यात नाताळच्या पहाटे मंडळी गात गात घरोघर जातात. पहिल्या अंगणात सतरंजी पडली, नवी सून म्हणून मान एस्तेरचा. तिने भाता हलवला, उंब्रजची चाल धरली. मागून ढोलकी निघाली ती भलत्याच वाटेने! शब्द तेच, पण इथली चाल धावती, टाळ्यांची. दोन ओळींत सगळं विस्कटलं.

एस्तेरचा चुलतदीर बाळासो ढोलकी थांबवून म्हणाला, "आवं वैनी, बाळाला निजवताय का आमाला?"

अंगण खदखदून हसलं. त्यात वाईट कुणीच नव्हतं, मित्रांनो. पण नव्या नवरीला तेवढंही लागतं. तिने माझ्यावरचे हात काढून घेतले. सासूकडे, राहीबाईंकडे पाहिलं. राहीबाई पदर सारखा करत एवढंच म्हणाल्या, "हितं आलीस, हितलं गा." आणि तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून माझ्यापुढे बाळासो बसू लागला. ढोलकीइतकाच पेटीवरही हात चांगला होता त्याचा. कौतुकही पुष्कळ झालं माझं. लोक म्हणायचे, "पेटी लय गोड हाय." पण त्याची बोटं पाचव्या काळीला कधी शिवायचीच नाहीत. कवठ्याच्या चालीला तो सूर लागत नव्हता.

पुढे एका उन्हाळ्यात वावटळीतली रेती माझ्यात शिरली. एक कण नेमका त्या पाचव्या काळीखाली अडकला. आता भाता हलवला की ती पट्टी न दाबताच वाजू लागायची, सगळ्या गाण्यात मध्येच भुणभुण करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाळासोने माझं अंग उघडलं, त्या सुराच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला आणि हात झटकले.

"आपल्या चालीत ह्यो सूर लागतोय कुठं? हाय का न्हाई, वैनी?"

एस्तेर दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं. पण ती म्हणाली, "असू दे, भाऊजी."

मित्रांनो, बोळ्यापेक्षा मला ते 'असू दे' जास्त टोचलं.

मग एस्तेरला लेक झाली, साक्षी. दुपारी घर निवांत झालं की एस्तेर दार लोटून घ्यायची आणि बाळाला पायांवर घेऊन तीच चाल गुणगुणायची, इतकी हळू की बाहेरच्या कोंबडीलाही ऐकू जाऊ नये. मी कोपऱ्यात मिटलेली. तिला साथ द्यावी म्हणून आतल्या आत तळमळायची. पण गाणं जिथे टेकायचं, तिथेच माझ्या तोंडात चिंधी.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात मास्तरांचं कार्ड आलं. एस्तेरने ते माझ्यावर ठेवून वाचलं. उंब्रजची मंडळी पोटापाण्यासाठी पुण्याला गेली होती, म्हातारी माणसं एकेक करून देवाघरी. 'यंदा इथे गायला कुणी नाही. माझा गळा तर गेलाच. तुझ्याकडे येतो. आपली चाल एकदा कानावर पडू दे, मग माझी कसलीच तक्रार नाही.'

कार्ड वाचल्यापासून एस्तेरचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातून चारदा माझ्याजवळ यायची, माझं झाकण उघडायची, मिटायची. बोळ्याचं मात्र कुणाला बोलायची नाही. आणि ती बोलत नाही म्हणून माझा जीव वर-खाली.

चोवीस तारखेला दुपारच्या एसटीने मास्तर आले. ओसरीवर राहीबाई करंज्या लाटत होत्या, बाळासो ढोलकी आवळत बसला होता. पाणी पिऊन होताच मास्तर म्हणाले, "एस्तेर, धर पेटी."

सहा वर्षांनी तिची बोटं माझ्यावर आली. थंडगार होती. 'गव्हाणीत निजला राजा...' चाल फिरू लागली. 'हळू बोला गं...' तिने पाचवी काळी दाबली.

काहीच वाजलं नाही. नुसती हवा.

मास्तरांनी मान वर केली. "सूर कुठं गेला गं?"

बाळासो मान खाजवू लागला. एस्तेरचे डोळे भरून आले. पण तिने हात काढून घेतले नाहीत. ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली आणि जिथे मी मुकी होते, तिथे तिने स्वतःचा गळा लावला. मोकळा, भरघोस. तो सूर ओसरीभर थांबला आणि मग अलगद खाली उतरला.

राहीबाईंचं लाटणं थांबलं होतं.

"बाळासो, काढ त्यो बोळा."

"आवं काकू, मग ती पट्टी आपोआप वाजती!"

"वाजू दे की. लय दिस गप हुती."

बोळा निघाला. मास्तरांनी लेकीच्या केसातला आकडा मागून घेतला. पण हात थरथरत होता, म्हणून आकडा त्यांनी धरला आणि त्यांचा हात बाळासोने धरला. रेतीचा कण टिचकन बाहेर पडला. एवढासा! एवढ्यासाठी माझी इतकी वर्षं गेली.

"मास्तर," बाळासो हळूच म्हणाला, "पहाटं दोन कडवी आमची, शेवटलं तुमचं. चालंल?"

"चालंल. पण शेवटच्याला ढोलकी जरा दमानं, गड्या."

सगळे हसले. पण राहीबाई हसल्या नाहीत. पिठाच्या हाताने माझ्या कडेला टेकून त्या एकदम गाऊ लागल्या. तेच शब्द, पण चाल तिसरीच! पाळण्यासारखी हेलकावणारी. जतच्या पलीकडचं, कानडी मुलखालगतचं त्यांचं माहेर. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या.

"आत्या, पुढं?" एस्तेरने विचारलं.

"पुढं... आठवंना गं. मला बी असंच म्हनलं हुतं, हितलं गा. चाळीस वरसं झाली. माहेरी बी आता कोन उरलं न्हाई."

पहाटे अंगणाअंगणांत मास्तरांची चाल वाजली. ती ऐकताना ते डोळे मिटून बसले होते. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पण चाल गेली नाही. साक्षी आता ती माझ्यावर वाजवते, पाचव्या काळीवर हवी त्याहून जास्तच थांबते.

तेव्हा मित्रांनो, माझी देखभाल करा, झाकण मिटून ठेवा, रेती शिरू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरी लांबून नांदायला आलेली कुणी असेल, आई, आजी, काकू, तर ती करंज्या लाटत असतानाच तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुझ्याकडे हे गाणं कसं म्हणायचे? आणि तिने म्हटलं, की हसू नका.

राहीबाई अजून कधीतरी माझ्यापाशी येऊन बसतात. एस्तेर भाता हलवते, एकेक पट्टी दाबते. "ही का आत्या? का ही?" त्या मान हलवतात. तिसऱ्या ओळीचे सूर माझ्या या बेचाळीस पट्ट्यांतच कुठेतरी आहेत. सगळे आहेत. कुठल्यानंतर कुठला, तेवढंच मला कुणी सांगितलेलं नाही.