तेवीस दिवसांचा काळोख

मित्रांनो, माझ्या पुढच्या डोळ्याला आता काही दिसत नाही. मी एक जुना मोबाइल फोन आहे. सध्या माझा मुक्काम एका शिलाई मशीनच्या खणात असतो. शेजारी मापाची टेप, खडूचा तुकडा आणि गंजलेल्या टाचण्या. टाचण्या टोचतात, पण त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. जे मला खरोखर टोचते ते वेगळेच आहे, आणि ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला दोन डोळे बसवले. मागचा मोठा, जग बघण्यासाठी. पुढचा मोहरीच्या दाण्याएवढा, धन्याचा चेहरा दुसऱ्याला दाखवण्यासाठी. मला या पुढच्या डोळ्याचा फार अभिमान वाटे. पण दुकानाच्या काचेत येऊन बसलो आणि तो अभिमान चार दिवसांत उतरला.

एक निवृत्त कारकून फोन बघायला आले होते. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "यात व्हिडिओ कॉल होतो, काका. समोरचा माणूस दिसतो."

"आणि त्याला मी दिसतो, त्याचं काय?" काका म्हणाले. "मी घरात बनियनवर असतो. नको रे बाबा. बोलायचं तर कानाने बोलावं."

दुकानदारही हसला. "खरंय. मागणारे सगळे असतात, वापरणारं कुणी नाही."

असे मी किती वेळा ऐकले! कुणाला केस विंचरायचा कंटाळा, कुणाला घरातला पसारा लपवायचा. हळूहळू माझीही खात्री पटली की हा डोळा म्हणजे पाचव्या बोटाशेजारी फुटलेले सहावे बोट आहे. असून अडचण.

मग एके दिवशी ती आली. सोबत नवरा होता. तो मालवाहू टेम्पो चालवायचा. त्याने नेहमीप्रमाणे आवाज कसा आहे, बॅटरी किती चालते, अशी चौकशी सुरू केली. तिने त्याचा दंड धरून त्याला बाजूला केले, मला हातात घेतले आणि माझा पुढचा डोळा उघडला. मला तिथल्या कपाटाला टेकवून ती दोन पावले मागे गेली. चेहरा दिसतो का, एवढेच तिला बघायचे नव्हते. तिने दोन्ही हात वर केले, खाली घेतले, कोपरापर्यंत नीट दिसतात का ते तपासले. मग ती खुदकन हसली आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली.

दुकानदाराला कळेना. नवरा म्हणाला, "तिला ऐकू येत नाही. तिच्या धाकट्या भावालाही नाही. दोघं हातांनी बोलतात."

मित्रांनो, माझ्या त्या नकोशा डोळ्यासाठी मला विकत घेणारे ते पहिलेच माणूस.

ती पडद्यांच्या एका दुकानासाठी शिवणकाम करत असे. दुकानाच्या मागे एक लांबट खोली, भिंतीला कापडाचे तागे, छतापर्यंत. मशीनवर बसून ती दिवसभर पडद्यांच्या चुण्या घाले. लोक तिला 'मुकी' म्हणत. तिच्या पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण तिला ऐकू येत नाही हे त्यांना सोयीचे होते. ती मुकी नव्हती हे मला पहिल्याच संध्याकाळी कळले.

भाऊ खूप दूर, दोन दिवसांच्या प्रवासावर, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रावर होता. दोघांची भेट वर्षातून एकदा. मध्ये काय? चिठ्ठीसारखे निरोप. पण लिहिणे म्हणजे त्यांना परकी भाषा. शाळेत ती त्यांना कुणी धड शिकवलीच नव्हती. 'मी ठीक. तू ठीक? काम खूप.' यापलीकडे त्यांची गाडी जात नसे.

पहिला व्हिडिओ कॉल लागला आणि दोघांचे हात असे सुटले, जणू बांध फुटला! भाऊ नकलाकार होता. त्याचा मुकादम पोट पुढे काढून कसा चालतो, शेजारची म्हातारी कुलूप लावून तीनदा कशी ओढून बघते, सगळे तो एका मिनिटात उभे करी. ती हसून हसून टेबलावर डोके टेकायची. माझा कान तेव्हा अगदी रिकामा असायचा. दोन माणसे तासभर बोलत आणि माझ्या कानावर फक्त बांगड्यांचा आवाज येई.

मीही बघून बघून त्यांची भाषा शिकलो. त्यांच्या भाषेत प्रत्येकाला एक खूण असते, तेच त्याचे नाव. भावाची खूण म्हणजे पुढच्या दातावर बोटाने टकटक, कारण लहानपणी त्याचा दात पडला तो बरेच दिवस उगवलाच नव्हता. तिची खूण भावानेच ठेवलेली. दोन्ही मुठी कानांपासून छातीपर्यंत खाली ओढायच्या. दोन वेण्या. जगात या नावाने तिला हाक मारणारा तो एकटाच होता.

रोज बोलण्याआधी ती ओढणीच्या टोकाने माझा पुढचा डोळा पुसायची. ते माझे सोन्याचे दिवस.

तिची थोरली जाऊ जवळच राहत असे. तिला मात्र व्हिडिओ कॉलचा भारी राग. कुणाचा आलाच तर ती फोन छताकडे धरायची. "बाई, मला नाही जमत ते थोबाड दाखवणं. पंखा बघा आणि बोला!" असे तिचे म्हणणे.

मला उभे करायला साधन नव्हते. दोऱ्याच्या रिळाला मला टेकवत. मशीन चालू झाले की टेबल थरथरे आणि मी हळूहळू घसरे. नवरा प्रत्येक वेळी म्हणे, "एक स्टँड आणतो उद्या." तो उद्या काही उजाडला नाही.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. माझा दिवा लुकलुकला. आठवडाभर भावाचा कॉल नव्हता, त्यामुळे तिने घाईने उचलला. भाऊ एका पलंगावर बसला होता. मागे हिरवट भिंत, सलाईनची बाटली. त्याने फक्त उजवा हात चादरीबाहेर काढून वर धरला. पट्टीत गुंडाळलेला तळवा आणि एक अंगठा. बाकीची चार बोटे नव्हती. पुठ्ठा कापायच्या यंत्राने नेली होती.

ती ताडकन उठली. तिचा गुडघा टेबलाला लागला, रीळ गडगडले आणि मी तोंडावर पडलो. खाली कात्री होती. तिचे टोक नेमके माझ्या पुढच्या डोळ्यात गेले.

तिने मला झटकन उचलले. पडद्यावर भाऊ तसाच दिसत होता, हात वर धरून. तिला वाटले, काही बिघडले नाही. कोपऱ्यातली तिची स्वतःची छोटी चौकट काळी पडली होती, पण त्या घडीला तिकडे कोण बघणार? तिने मला ताग्यांना टेकवले आणि दोन्ही हातांनी बोलू लागली. "कधी झालं? दुखतंय का? तुझ्याजवळ कोण आहे? मी येते. आत्ता निघते." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आणि मी पलीकडे काय पाठवत होतो? काळोख. निव्वळ काळोख.

त्याने आपला तुटका हात दाखवला, आणि त्याच क्षणी बहिणीने पडदा ओढून घेतला, असेच त्याला दिसले. तो बराच वेळ वाट बघत राहिला. मग त्याने हात हळूच चादरीखाली घेतला आणि कॉल बंद केला.

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे इकडून तिकडे पोचवले, पण माझे स्वतःचे एक वाक्य मला पोचवता आले नाही.

त्याला वेदना होत असतील म्हणून त्याने बंद केले, असे तिला वाटले. तिने निरोप लिहिला. कसाबसा, आठवून आठवून. 'हात पाहिला. खूप वाईट.' तिला लिहायचे होते, खूप वाईट वाटले. ते 'वाटले' तेवढे राहून गेले.

संध्याकाळी त्याचे उत्तर आले. 'हो. वाईट. परत नको बघू.'

ती त्या पाच शब्दांकडे कितीतरी वेळ बघत बसली. जायला तर ती तडफडत होती, पण घरी सासूबाई मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचे उठवणे-बसवणे तिच्याकडेच. तिने रोज कॉल लावला. त्याने एकदाही उचलला नाही, आणि काळा पडदा दिसे तो त्यामुळेच, असे तिला वाटे. नवऱ्याने मुकादमाला फोन करून चौकशी केली. तो म्हणाला, "आहे, बरा आहे. पण मान वर करून बघतच नाही कुणाकडे." नवऱ्याने हे तिला आपल्या मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितले. तिची रात्रीची भाकरी ताटात तशीच राहिली.

असे तेवीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी सासूबाईंना उठवायला तिला मदत हवी होती. घरात दुसरे कुणी नव्हते. तिने जावेला व्हिडिओ कॉल लावला. जावेने केसांना कलप लावलेला. तिने सवयीप्रमाणे फोन पंख्याकडे धरला आणि ओरडली, "आता काय गं? मी अशा अवतारात..." मग ती थांबली. "अगं, तुझ्याकडे एवढा काळोख कसा? भरदुपारी दिवे गेले तरी इतका काळोख नाही होत!"

पाच मिनिटांत ती डोक्यावरच्या कलपासकट दारात हजर. आधी दोघींनी मिळून सासूबाईंना बसवले. मग जावेने मला हातात घेऊन उलटसुलट केले. फुटक्या डोळ्यावर बोट ठेवले, पडद्याच्या काळ्या चौकटीवर बोट ठेवले, आणि मग भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे बोट दाखवले.

माझ्या मालकिणीला सगळे कळले. ती जमिनीवर बसली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तिला स्वतःला तो ऐकू आला नाही. मी ऐकला. सासूबाईंनी ऐकला. जावेने तर तिला घट्ट धरूनच ठेवले.

"रडू नकोस. मी लिहिते त्याला," जाऊ म्हणाली आणि मग ते बोलून उपयोग नाही हे लक्षात येऊन तिने खुणेने सांगितले. तिने लिहिले: 'फोनचा डोळा फुटला होता. तुला बहीण दिसली नाही, पण ती तिथेच होती. ती तुझ्याशी बोलत होती. फोन उचल.'

दुरुस्तीवाल्याने मला पाहून मान हलवली. "हा भाग आता मिळत नाही. मॉडेल जुनं झालं." मग तिनेच युक्ती काढली. ती कपाटाच्या आरशासमोर बसली. तिच्या आणि आरशाच्या मध्ये तिने मला उभे केले, मागचा डोळा तिच्याकडे आणि पडदा आरशाकडे करून. ती माझ्या मागच्या डोळ्याशी बोलणार होती आणि भावाचे बोलणे आरशात वाचणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॉल उचलला.

तो आरशात दिसला. माझ्या मागच्या डोळ्यासमोर ती नुसती बसून राहिली, त्याने डोळे भरून बघावे म्हणून. मग तो डाव्या हाताने बोलू लागला. तो हात शिकलेला नव्हता. अडखळत होता, खुणा चुकत होता. "मला वाटलं, तुला बघवलं नाही."

"मी बघत होते. सगळा वेळ बघत होते."

"इथे कुणाला आपली भाषा येत नाही," तो म्हणाला. "मी तेवीस दिवस कुणाशी बोललो नाही. एक शब्द नाही."

मग त्याने तिला नावाने हाक मारायला दोन्ही हात वर नेले. डावी मूठ खाली आली. उजवीकडे मूठ नव्हती. तो हात कानाशीच थांबला. तो ओशाळला आणि हात खाली घेऊ लागला. तेव्हा तिने आपली एक मूठ कानापासून छातीपर्यंत ओढली. एक वेणी त्याची, एक तिची. नाव पुरे झाले.

पुढे दीड वर्ष ते असेच आरशातून बोलत. भावाला कारखान्यात मोजणीचे हलके काम मिळाले. डावा हात तयार झाला. पण मी पूर्वीचा भाऊ पुन्हा पाहिला नाही. नकला थांबल्या त्या थांबल्याच. आणि एक गोष्ट तर माझ्या जिवाला फार लागे. बोलताना मध्येच रेंज जाऊन चित्र अडकले, की तो दचकायचा. बोलणे अर्धवट सोडून तुटका हात टेबलाखाली घ्यायचा. चित्र परत आले, बहीण समोर हसताना दिसली, तरी हात वर यायला वेळ लागे. त्याला कारण ठाऊक होते. मनाला समजावले होते. पण हात ऐकत नव्हता.

मग माझ्यावर व्हिडिओ कॉल चालेनासा झाला. मी फारच जुना झालो होतो. नवा फोन आला, त्याच्याबरोबर स्टँडही आला. मी खणात आलो. भाऊ आता कसा आहे, पुन्हा कधी नक्कल करतो का, मला ठाऊक नाही. खणात काही दिसत नाही.

लोकांना व्हिडिओ कॉल खरेच हवा असतो का, असे आजही दुकानात कुणी विचारत असेल. ज्याला तोंड लपवायचे आहे त्याला तो नको असेल, आणि त्यातही काही चूक नाही. पण कुणाकुणाची सगळी भाषाच त्या मोहरीएवढ्या डोळ्यातून जाते. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातला फोन काठावर ठेवू नका, त्याला नीट टेकवा, त्याचा डोळा पुसा. आणि कधी बोलता बोलता समोर अचानक काळोख झाला, तर रागावून कॉल बंद करू नका. थोडे थांबा, दुसऱ्या कुणाकडून तरी विचारा. पलीकडे कुणीतरी दोन्ही हातांनी तुमच्याशी बोलत असेल.