रिकामे ड्रम

काम सोडून जाणार असल्याचं मनस्वीने मला पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. "मॅडम, महिन्याभराच्या एन्ट्र्या सॉफ्टवेअर चहा उकळेपर्यंत करतं. मग मी सीए होऊन काय करू? महाप्याला मैत्रिणीच्या कंपनीत जागा आहे."

वाशीतल्या माझ्या छोट्या सीए ऑफिसात आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, ती एकटीच उरली होती. आधीचे दोघे असेच गेले. उद्या बोलू, म्हटलं मी.

पण उद्या पौर्णिमा. पौर्णिमेला मी अष्टशील घेते, म्हणजे खोटं न बोलण्यासकट आठ नियम पाळते, आणि दुपारपर्यंत मौन धरते. क्लायंटना हे माहीत आहे. एक-दोघे तर मुद्दाम त्याच सकाळी येतात. मॅडम वाद घालणार नाहीत ना!

त्या सकाळी तसेच कुंदनशेठ आले. नावड्याचे, केमिकलचे व्यापारी. बँकेला द्यायला मालाचा दाखला हवा होता.

"मॅडम, तुमी बोलू नका, नुसती सही करा," ते हसत म्हणाले. "गोदामाचे फोटो कॉम्प्युटरला दिले, त्यानं ड्रम मोजले पन. आता बघायचं काय राह्यलं?"

डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह माझ्या हातात होता. मौनातही खोटं बोलता येतं, एका सहीने. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मनस्वीकडे पाहिलं. जाणारी मुलगी ती. गप्प बसली असती तरी मी काय म्हणणार होते?

"शेठ, माल बघितल्याशिवाय सही होत नाही," ती म्हणाली.

"ए बाय, तू मॅडम हाय का?"

"नाही. पण उद्या नोटीस आली तर कॉम्प्युटरला नाही येणार, मॅडमना येईल."

"दुसऱ्या सीएकडं जाईन हां मी."

"जा ना. ते म्हणाले माल दाखवा, तर?"

शेठ माझ्याकडे वळले. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

"चल, बस गाडीत," ते तिच्यावर खेकसले.

माझं मौन सुटल्यावर तिचा फोन आला. "मॅडम, मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या आहेत! मी एकेक ड्रम ठोकून बघितला."

मागून शेठ ओरडत होते, "परत धाडायचे हायत ते! मी कुठं भरलेले बोललो? फोटो काढनाऱ्यानं सगळंच काढलं!"

"मग आता काय करू या, शेठ?" मी विचारलं.

"काय करनार? भरलेले हायत तेवढेच लिवा. पोरीनं गोदामात ढोल वाजवला, कामगार हसतायत मला."

संध्याकाळी ती आली तेव्हा ओढणीवर काळे डाग होते. महाप्याचं कसं विचारावं, याची मी जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "तळोज्याच्या त्या क्लायंटनेही फोटोच पाठवलेत ना? उद्या तिथे मी जाते."

"आणि मैत्रीण?"

"तिला म्हटलं, तूच ये इकडे. तिकडे दिवसभर खुर्चीत बसून कंटाळते ती."