डावीकडे दहा

पुण्यात खराडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडलं की थेट जहाजच लागे, शिकाऊ अधिकाऱ्यांच्या सरावासाठी मांडलेलं. खरंखुरं सुकाणू, रडार, इंजिनाचा दांडा आणि तिन्ही बाजूंच्या पडद्यांवर समुद्र. जमीन तसूभरही हलत नसे, तरी पडद्यावर लाट उठली की माणसं कठडा धरत. मैनानेही पहिल्या दिवशी धरला होता. अठरा महिने मालवाहू जहाजावर काढूनसुद्धा.

मांजरी गावच्या, ऊस पिकवणाऱ्या सर्जेरावांची ही मुलगी आता जहाजावर अधिकारी व्हायच्या बेतात होती. शिकवायला कॅप्टन दीनानाथ होते. निवृत्त, सदाशिव पेठेतले, आवाज कधीही न चढवणारे. सरावात जहाजाचे कॅप्टन तेच होत.

त्या दिवशी पडद्यावर दाट धुकं होतं. रडारवर समोरून एक जहाज येताना दिसत होतं.

"डावीकडे दहा," कॅप्टन म्हणाले.

सुकाणूवर तिच्याबरोबर शिकणारा अनंत होता, त्याने चाक दहा अंश फिरवलं. धुक्यात समोरून जहाज आलं तर डावीकडे वळायचं नसतं, हे मैनाला पाठ होतं. तिने रडारकडे पाहिलं, कॅप्टनांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. चार मिनिटांनी धुक्यातून एक काळी भिंत पुढे आली आणि पडदा लाल झाला. टक्कर.

"रडारवर काय दिसलं होतं?" कॅप्टनांनी विचारलं.

"वळण चुकलंय, हे दिसलं होतं, सर."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"छान. म्हणजे अपघाताच्या अहवालात लिहायला तुम्ही उपयोगी पडाल. वाचलात तर."

संध्याकाळी घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. सर्जेरावांनी हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "मळ्यातली कोरडी हीर ठाव हाय ना? जागा आप्पासायबांनी दावली. तितं पानी न्हाई, ह्ये मला दिसत व्हतं. पर बापाम्होरं कसं बोलायचं? चाळीस फूट खडक फोडला आमी."

"मग आजोबा काय म्हणाले?"

"म्हनले, आदी का न्हाई सांगितलंस?"

मैना हसली, पण त्या रात्री तिने पुस्तक उघडलं नाही. नियम तिला येतच होते.

तीन दिवसांनी पुन्हा धुकं आलं. या वेळी अरुंद खाडी होती आणि मागून वारा. समोरचं जहाज दोन मैलांवर असताना कॅप्टन म्हणाले, "डावीकडे दहा."

"सर, डावीकडे नको. समोरचं जहाज सरळ आपल्यावर येतंय. उजवीकडे वळून वेग कमी करायला हवा."

"इथं कॅप्टन कोण आहे?"

"आपण आहात, सर. म्हणूनच आपल्याला सांगतेय."

"मी तीस वर्षं समुद्रावर काढलीत."

मैनाने रडारवर बोट ठेवलं. "असतील, सर. पण अंतर आता दीड मैल आहे. आपण हुकूम देता, की मी देऊ?"

कॅप्टनांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. अनंत चाक धरून दोघांकडे पाहत होता.

"अनंत, उजवीकडे वीस," मैना म्हणाली आणि तिने इंजिनाचा दांडा मागे ओढला.

जहाज संथपणे वळलं. भोंगा वाजला आणि डाव्या बाजूने दुसऱ्या जहाजाचे दिवे हळूहळू मागे सरकले. अनंतने श्वास सोडला.

कॅप्टनांनी वहीत काहीतरी लिहिलं. "बोलायला तीन दिवस लागले. समुद्रावर तीन मिनिटं मिळतात."

"हो, सर."

"आणि उद्या मी बरोबर हुकूम देणार आहे. तेव्हा लगेच ऐकायचं. तेही जमायला हवं."

"बरोबर असेल तर ऐकेन, सर," मैना म्हणाली आणि रडारवरची पुढची खूण मोजायला वळली.