दिवा विझल्यावरची कॉफी

मित्रांनो, कोपरखैरण्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला मी उभा असतो. मी एक कॉफी मेकर आहे. माझ्या पाठीत पाण्याची टाकी आहे. तिच्यातले पाणी तापून वर चढते, कागदी गाळणीतल्या कॉफीवर थेंबथेंब पडते आणि खालच्या काचेच्या भांड्यात उतरते. ते भांडे एका गरम पट्टीवर बसते. मला बटण एकच. ते दाबले की लाल दिवा लागतो आणि चाळीस मिनिटांनी दिवा आणि पट्टी दोन्ही आपोआप बंद होतात. काम म्हणाल तर एवढेच. पण एवढ्याशा कामापायी या घरावर जी वेळ आली, ती मला तुम्हाला सांगायची आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. एकदा मला पाण्याशिवाय चालू करून पाहिले होते. मी स्वतःहून बंद पडलो, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पोटावर हिरवा ठिपका चिकटवला. तो अजून आहे. मग वाशीतल्या एका दुकानात मी मांडणीवर आलो. माझ्या शेजारी मोठी, चकचकीत, पडदा असलेली यंत्रे होती. लोक त्यांच्यापुढे थांबत. माझ्यावर चार महिने नुसती धूळ बसली.

एका शनिवारी संध्याकाळी गीतांजली तिच्या वडिलांना घेऊन दुकानात आली. वडील मांडणीकडे गेले आणि ती माझ्याजवळ उभी राहून फोनवर हळू बोलू लागली.

"सुयश, मी तुझं म्हणणं टाळत नाहीये. फक्त पंधरा दिवस दे मला. कॉफीचं मशीन घेतलं की बाबा गॅसजवळ जाणार नाहीत. पंधरा दिवसांत काही झालं, तर तू म्हणशील तसं."

सुयश तिचा धाकटा भाऊ, पुण्याला राहणारा. वडिलांचे नाव जयप्रकाश. वय बहात्तर. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे बॉयलर सांभाळला होता. गेली दोन वर्षे त्यांना विसरायला होत होते. दोनदा दूध गॅसवर ठेवून ते खाली फिरायला गेले होते. दुसऱ्या वेळी धूर जिन्यापर्यंत आला आणि शेजाऱ्यांनी दार वाजवले. तेव्हापासून सुयशने पुण्यात म्हाताऱ्या माणसांची सोय करणारी एक जागा पाहून ठेवली होती. गीतांजली दिवसभर महापेला नोकरीवर. ती गेली की ते एकटे. पण दुपारी चारची कॉफी स्वतःच्या हाताने करायची, हे मात्र ते सोडायला तयार नव्हते.

दुकानातल्या धनेशने आधी पडद्याचे यंत्र पुढे केले. "सर, यात टायमर आहे. आदल्या दिवशी लावून ठेवा, सकाळी उठाल तेव्हा कॉफी रेडी."

"मला चारला लागते," जयप्रकाश म्हणाले. "चार वाजता मी जागाच असतो."

धनेशने दुसरे दाखवले. जयप्रकाशांनी त्याची पट्टी चाचपली. "बंद करायचं राहून गेलं तर?"

"तर चालूच राहणार, सर."

त्यांनी ते बोटाने मागे सारले आणि मग मला उचलले. मित्रांनो, तोपर्यंत मला कोणी असे हाताळले नव्हते. टाकीचे झाकण उघडून त्यांनी आत हात घातला आणि कोपरे घासता येतात का ते पाहिले. चष्मा कपाळावर सरकवून पाण्याच्या खुणा वाचल्या. धनेशला साधे पाणी घालून मला चालू करायला लावले आणि धार पडत असतानाच भांडे बाहेर ओढले. धार तिथेच थांबली. मला दडपण आले होते. या माणसाला सकाळी काय खाल्ले ते आठवत नसेल, पण त्याच्या बोटांना सगळे येत होते.

"किती वेळाने बंद होतं?"

"चाळीस मिनिटं, सर. ऑटोमॅटिक."

"हा घेऊ," ते म्हणाले.

गीतांजली घुटमळली. "बाबा, याचं भांडं काचेचं आहे. स्टीलच्या थर्मासवालं पण येतं ना?"

"येतं मॅडम," धनेश म्हणाला, "पण मागवावं लागेल. दहा-बारा दिवस जातील."

दहा-बारा दिवस तिच्याकडे नव्हते. म्हणून मी या घरी आलो.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. जयप्रकाशांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: पाणी, कागद, दोन चमचे, बटण. तो पुठ्ठा माझ्यामागच्या भिंतीवर चिकटवला. चार वाजता ते येत, एकेक शब्दावर बोट ठेवत आणि तसेच करत. एकदाही चुकले नाही. गीतांजली संध्याकाळी येऊन माझे भांडे पाहायची आणि माझ्या झाकणावर हलकेच थाप मारायची.

पण एक गोष्ट तिला दिसत नव्हती. एखाद्या दिवशी ते बटण दाबून खुर्चीवर जाऊन बसत आणि कॉफी विसरत. पाचनंतर आठवण झाली की येत. तोवर माझा दिवा विझलेला असे, पट्टी निवालेली आणि कॉफी गार. मग ते काचेचे भांडे उचलून गॅसच्या शेगडीवर ठेवत आणि लायटर मारत. ज्योत लागत नसे. कारण गीतांजली रोज निघताना ओट्याखालच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जायची. ते तिला फोन करत.

"गीता, सिलिंडर संपला का गं?"

"हो बाबा. उद्या येईल."

ते भांडे परत माझ्यावर ठेवत आणि गार कॉफी तशीच पीत. माझी काच पातळ आहे. मंद पट्टीवर बसायला केलेली, जाळावर नाही. त्या लायटरच्या प्रत्येक आवाजाला माझा जीव वरखाली होई.

पंधरावा दिवस शनिवार होता. संध्याकाळी सुयश येणार होता आणि ऑफिस सुटल्यावर गीतांजली त्याला वाशीहून घेऊन येणार होती. सकाळी गीतांजलीने भावासाठी शिरा केला, एकीकडे फोनवर ऑफिसातल्या कोणाला तरी समजावत होती, एकीकडे कपाटातून वडिलांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवत होती. मग घड्याळ पाहून पर्स उचलली आणि धावत निघाली. ओट्याखाली वाकली नाही. रेग्युलेटर चालूच राहिला.

मी पाहिले. मला पाणी तापवता येते, दिवा लावता येतो. हाक मारता येत नाही.

चार वाजता जयप्रकाश आले. पाणी, कागद, दोन चमचे, बटण. मग ते बाहेर गेले. चाळीस मिनिटांनी माझा दिवा विझला. सव्वापाचला ते परत आले, भांड्याला हात लावला आणि स्वतःशीच म्हणाले, "सुयश येणार. गरम पाहिजे."

भांडे शेगडीवर गेले. लायटरचा आवाज झाला आणि या वेळी ज्योत लागली. ते तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आले. इतक्यात बाहेर फोन वाजला. ते तिकडे गेले. "वाशीहून निघालात का? या, या. मी शर्ट बदलतो," एवढे मला ऐकू आले. मग कपाट उघडल्याचा आवाज झाला.

भांड्यात तळाशी थोडीच कॉफी होती. ती उकळू लागली. काचेत एक बारीक रेघ उमटली, वर चढली आणि भांडे फुटले. कॉफी ज्योतीवर सांडली. ज्योत विझली. पण शेगडीचे बटण उघडेच होते. शेगडीतून बारीक फुस्स असा आवाज येत राहिला.

खिडकी बंद होती. हा गॅस जड असतो, खाली उतरतो, जमिनीवर साचत जातो. माझ्या समोर फ्रिज होता. तो मधूनमधून टक् करून सुरू होतो, तेव्हा आत बारीक ठिणगी उडते. मी त्या टक् ची वाट पाहत होतो आणि तो होऊ नये म्हणून तळमळत होतो.

जयप्रकाश आले. शर्टाची वरची दोन बटणे लावायची राहिली होती. फुटलेले भांडे पाहून ते जागीच थांबले. मित्रांनो, त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती गॅसची नव्हती. मुले यायच्या आत हे दिसेनासे झाले पाहिजे, ही भीती होती. त्यांनी घाईघाईने प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि तुकडे आत टाकू लागले. ओट्याखाली अंधार होता. तुकडे नीट दिसेनात. त्यांनी भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

बोट बटणापासून वीतभर असताना त्यांना पायाजवळ एक मोठा तुकडा चमकताना दिसला. आधी तो उचलावा म्हणून ते ओट्याला धरून खाली वाकले. आणि वाकलेलेच राहिले. नाक जमिनीजवळ गेले होते आणि तिथे गॅसचा वास साचला होता.

"आधी व्हॉल्व्ह," ते पुटपुटले.

त्यानंतर त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. शेगडीचे बटण बंद केले. दुखरे गुडघे टेकून रेग्युलेटर फिरवला. भिंतीला धरून उठले, दिव्याच्या बटणाकडे पाहिले आणि आपला हात मागे घेऊन छातीशी धरला. खिडकी उघडली. गॅलरीचे दार उघडले. तेवढ्यात बाहेर लिफ्टचे दार सरकल्याचा आवाज झाला.

आमच्या दाराला विजेची घंटा आहे.

जयप्रकाश अनवाणी धावले. काचेवरून.

"बेल वाजवू नका," त्यांचा आवाज घरभर घुमला. "गीता, हात मागे घे."

दार उघडले.

"काय झालं, बाबा?" हा सुयश असावा.

"गॅस पसरलाय. दिवा लावायचा नाही, पंख्याला हात लावायचा नाही. फोन खिशातच राहू दे. जिन्यात चला, सगळे."

बराच वेळ घर रिकामे होते. उघड्या खिडकीतून वारा येऊन माझ्यामागचा पुठ्ठा फडफडत होता. मग तिघे आत आले. जमिनीवर काच होती, कॉफी होती आणि रक्ताच्या पावलांची रांग दारापर्यंत गेली होती. गीतांजलीने वडिलांना खुर्चीवर बसवले आणि कापूस घेऊन त्यांच्या पायाशी बसली.

सुयश शेगडीकडे पाहत म्हणाला, "ताई, आता तरी पटलं का? अजून पाच मिनिटं आणि काय झालं असतं? बास झालं आता. उद्या मी बाबांना घेऊन जातो."

"माझंच चुकलं," जयप्रकाश म्हणाले. "कॉफी गार झाली होती."

गीतांजलीचा हात थांबला. ती गप्प राहिली असती तर कोणालाच काही कळले नसते. वडिलांना आठवणार नव्हते आणि मला बोलता येत नव्हते. तिने कापूस खाली ठेवला.

"सुयश, रेग्युलेटर मी रोज बंद करून जाते. आज मी विसरले."

"रोज बंद करून जातेस? मग यांना काय सांगतेस?"

"सिलिंडर संपलाय म्हणून सांगते."

जयप्रकाशांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सिलिंडर रोज संपत नाही, गीता. एकतीस वर्षं बॉयलर चालवलाय मी. मला कळायचं."

"मग बोललात का नाही, बाबा?"

"तुझा आवाज बारीक व्हायचा खोटं बोलताना. म्हटलं, पोरीला आणखी कशाला त्रास."

सुयशने पिशवी घेतली, खाली बसला आणि राहिलेले तुकडे वेचू लागला. ते काम संपल्यावर तो तसाच जमिनीवर बसून राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? तुमचं काय करायचं?"

जयप्रकाश खिडकीकडे पाहू लागले. गीतांजली त्यांच्या वतीने बोलायला गेली, तर सुयशने तिला हाताने थांबवले.

"तिकडं मला एकही रस्ता माहीत नाही," शेवटी ते म्हणाले. "इथं राहायचंय मला. पण दुपारी एकटं राहणं आता जमत नाही. भीती वाटते. हे मी आधीच सांगायला हवं होतं. वाटलं, सांगितलं की पाठवून देतील."

पुण्याची जागा सुयशने सोडली. शेजारच्या इमारतीतल्या केशरबाई दुपारी बारापासून गीतांजली येईपर्यंत घरी थांबू लागल्या. त्या पूर्वी एका दवाखान्यात आया होत्या. त्यांना कॉफीचा वास आवडत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले.

माझ्यासाठी नवे भांडे मागवले आणि सोबत एक स्टीलचा थर्मास आला. कॉफी उतरली की लगेच त्यात ओतायची, असे ठरले. तो थर्मास हातात घेऊन जयप्रकाश गीतांजलीला म्हणाले होते, "दुकानात मी विचारलं, हा किती वेळाने बंद होतो. बंद झाल्यावर मी काय करणार, ते विचारायचं राहिलं."

या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. माझ्या पट्टीवरचा काळा रंग उडाला आहे. टाकीत पांढरा थर धरतो. गीतांजली महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घालून तो काढते, पण पाणी चढताना मी पूर्वीपेक्षा जास्त गुरगुरतो. जयप्रकाशांना आता पुठ्ठ्यावरच्या शब्दांचा अर्थ लागत नाही. पाणी केशरबाई घालतात, भुकटी त्याच घालतात आणि नाक मुरडून बाजूला होतात. बटण मात्र त्यांच्यासाठी ठेवतात.

मित्रांनो, घरासाठी माझ्यासारखे यंत्र निवडायला जाल तेव्हा पडदा आणि चकाकी पाहण्याआधी एवढे पाहा, की ते कोणाच्या हातात एकटे राहणार आहे आणि त्याचा दिवा विझल्यावर तो हात कुठे जाणार आहे. आमची टाकी घासत जा, काच जपून धरा. आणि घरातल्या माणसाला विसरायला होऊ लागले, तर त्याच्या हातून एकेक वस्तू काढून घेण्याआधी त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. त्या संध्याकाळी जयप्रकाशांना उत्तर द्यायला फार तर तीन मिनिटे लागली होती. त्याआधी दोन वर्षे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.