सुरमईची मन्नत

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर रिफिलचा पिवळा तुकडा! तसा नाही हो मी. मी माशाच्या पाठीत टोचायचा टॅग आहे, जुना आणि रंग उडालेला. माझ्या अंगावर एक नंबर आणि एक पत्ता छापला आहे.

१९९८ साली रत्नागिरीच्या समुद्रात माशांचा अभ्यास करणाऱ्या स्नेहल मॅडमनी मला एका सुरमईच्या पाठीत टोचले. सुरमई कमी होत चालली होती. ती अंडी घालायला कोणत्या वाटेने जाते ते कळले, तर त्या दिवसांत तिथली मासेमारी थांबवा, असे मॅडमना सांगता येणार होते. "परत ये रे बाबा," त्या मला म्हणाल्या आणि त्यांनी सुरमईला पाण्यात सोडले. मला केवढा अभिमान वाटला!

पुढच्याच वर्षी सुरमई जाळ्यात सापडली. बर्फाच्या पेटीतून आम्ही नाशकात खलीलभाईंच्या मासळीच्या दुकानावर आलो. त्यांनी सुरी उचलली, तोच त्यांची बायको ताहेराबी ओरडली, "थांबा! ही कुणाची तरी मन्नत आहे. धागा बांधलाय बघा!"

"मन्नतीचा धागा दर्ग्यात बांधतात, सुरमईला नाय!" खलीलभाई म्हणाले. पण बायकोपुढे त्यांचे काय चालणार? या वादात गिऱ्हाईक मात्र निघून गेले. ताहेराबींनी मला हलकेच सोडवले, धुतले आणि दोऱ्याने दर्ग्याच्या जाळीला बांधून टाकले. त्यांचे मन चांगले होते. मी मात्र तिथे लटकून रडकुंडीला आलो.

अशी काही वर्षे गेली. मग एकदा कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने, झेबाने, मला वाचले.

"अम्मी, हा तर शास्त्रज्ञांचा टॅग आहे. सोडू या याला."

"मन्नत पुरी झाल्याशिवाय धागा सोडू नये, बेटा."

"पण ही मन्नत सोडल्याशिवाय पुरीच होणार नाही!"

मग ताहेराबींनीच माझी गाठ सोडली. पण सुरमई कुठली होती, कधी आली होती, हे आता कोण सांगणार? माझा तर धीरच सुटला.

"वेरावळची पेटी. ईदच्या आदल्या दिवशी आलेली," खलीलभाई हसून म्हणाले. "तुझ्या अम्मीनं सणाचं गिऱ्हाईक घालवलं. मी विसरेन होय?"

झेबाने मला पत्त्यावर पाठवले. स्नेहल मॅडमनी नकाशावर रत्नागिरीपासून गुजरातेतल्या वेरावळपर्यंत रेघ ओढली आणि डोळे पुसले. त्या नकाशावरची ती पहिलीच रेघ होती.

मित्रांनो, एका रेघेसाठी कोणी मासेमारी थांबवत नाही. माझी कितीतरी भावंडे अजून समुद्रात फिरत आहेत. त्यातले एखादे तुमच्या घरी आणलेल्या माशात निघाले, तर कचऱ्यात टाकू नका. लगेच पत्त्यावर पाठवा आणि मासा कुठला, तेही विचारून कळवा. सगळ्यांच्याच नशिबी ताहेराबी आणि खलीलभाईंचे भांडण नसते.